४४ × ३३ विरुद्ध ३६ × २४: मिडियम फॉरमॅटचा सेन्सर नेमकं काय जास्त देतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्याकडे ४५ मेगापिक्सेलचा, बेस आयएसओ (सेन्सरची मूळ, सगळ्यात कमी संवेदनशीलता) ६४ असलेला फुल फ्रेम कॅमेरा आहे. दागिने, साड्या आणि इंटिरियर ही तुमची रोजची कामं. आता १०० मेगापिक्सेलचा मिडियम फॉरमॅट, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घ्यावा का, आणि त्याच्या सेन्सरमध्ये खरोखर काही वेगळं असतं का, हे तुम्हाला हवं आहे.

आधी उत्तर सांगतो. जास्त मिळतं ते क्षेत्रफळ. ते कधी पुरेपूर वसूल होतं आणि कधी एका पैशाचंही होत नाही, हे मात्र कामावर ठरतं. तुमच्या तीन कामांपैकी साड्यांसाठी मी घ्या म्हणेन, दागिन्यांसाठी नको म्हणेन आणि इंटिरियरसाठी आधी लेन्स बघा म्हणेन.

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे ८६४ चौरस मिमी. फुजीच्या जीएफएक्स मालिकेत आणि हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत जो सेन्सर आहे तो ४३.८ × ३२.९ मिमी, म्हणजे साधारण १४४१ चौरस मिमी. गुणोत्तर १.६७. फेज वनच्या १५० मेगापिक्सेलच्या बॅकमधला (कॅमेऱ्याच्या मागे जोडायच्या डिजिटल भागातला) सेन्सर ५३.४ × ४० मिमीचा, तो फुल फ्रेमच्या जवळजवळ अडीचपट. फिल्मच्या काळातली ६४५ ची (६ × ४.५ सेंमी म्हणवली जाणारी) फ्रेम साधारण ५६ × ४१.५ मिमी असायची. म्हणजे आज दुकानात ‘मिडियम फॉरमॅट’ म्हणून जे मिळतं ते जुन्या मिडियम फॉरमॅटमधल्या सगळ्यात लहान फ्रेमपेक्षाही बरंच लहान आहे. फिल्मवर काम केलेल्या माणसाने ३५ मिमी आणि ६ × ७ मधली जी दरी डोळ्यांनी पाहिली, तिची अपेक्षा इथे ठेवू नये. यापुढे मी मिडियम फॉरमॅट म्हणेन तेव्हा ४४ × ३३ च समजा, कारण तुमच्या बजेटमधला पर्याय तोच आहे.

आता पिक्सेल. जीएफएक्स १०० च्या फाइलमध्ये ११,६४८ × ८,७३६ पिक्सेल असतात. सोनीच्या ए७आर ४ मध्ये ९,५०४ × ६,३३६. दोन्हींत एका पिक्सेलची रुंदी काढलीत तर ३.७६ मायक्रॉन येते. फेज वनच्या १५० मेगापिक्सेलमध्येही ३.७६, आणि फुजीच्या २६ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यांतही तेवढीच. एकाच पिढीच्या पिक्सेलचं कापड सोनीने वेगवेगळ्या मापांत कापलं आहे, असं समजायला हरकत नाही. त्यामुळे ‘मिडियम फॉरमॅटचे पिक्सेल मोठे असतात म्हणून फोटो स्वच्छ येतो’ हे वाक्य आज १०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला लागू होत नाही. जुन्या ५० मेगापिक्सेलच्या ४४ × ३३ सेन्सरला ते लागू होतं, त्याचा पिक्सेल ५.३ मायक्रॉनचा होता. तुमच्या हातातल्या ४५ मेगापिक्सेलवाल्याचा पिक्सेल सुमारे ४.३५ मायक्रॉनचा आहे, म्हणजे जीएफएक्स १०० पेक्षा मोठाच.

हे पूर्वी असं नव्हतं, आणि आजचे बरेचसे समज त्या जुन्या काळातून आले आहेत. २०१४ पर्यंत डिजिटल मिडियम फॉरमॅट म्हणजे जुन्या तंत्राचा सीसीडी सेन्सर. कोडॅक आणि डाल्सा ते बनवत. बेस आयएसओला सुंदर, आयएसओ ८०० ला बघवत नाही, अशी त्यांची गत. त्यात लो-पास फिल्टर (बारीक तपशील किंचित मऊ करणारा थर) नसे, म्हणून त्या काळच्या फुल फ्रेमपेक्षा तपशील जास्त कुरकुरीत दिसत. २०१४ मध्ये सोनीचा ५० मेगापिक्सेलचा सीमॉस (आजच्या कॅमेऱ्यांतल्या तंत्राचा) सेन्सर फेज वन, हॅसलब्लाड आणि पेंटॅक्स ६४५झेड यांच्यात आला, आणि तिथून दोन्ही फॉरमॅटांचं सेन्सर तंत्र एकच झालं. दरम्यान उच्च रिझोल्यूशनच्या बहुतेक फुल फ्रेम कॅमेऱ्यांनीही लो-पास फिल्टर काढून टाकला. सीसीडीच्या दिवसांतले फोटो आजही देखणे वाटतात त्यात स्टुडिओतल्या प्रकाशाचा आणि तो लावणाऱ्या हातांचा वाटा फार मोठा आहे.

मग क्षेत्रफळाने काय होतं? प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि जितके फोटॉन जमतात त्यांच्या वर्गमुळाइतका चढउतार त्यात आपसूक असतो. फ्रेमच्या एखाद्या भागात १०,००० फोटॉन जमले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. त्याच भागाला १६,७०० मिळाले तर चढउतार १२९ चा, म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. एक्स्पोजर तेच ठेवलं तर मोठा सेन्सर एकूण १.६७ पट प्रकाश गोळा करतो, आणि स्टॉपमध्ये (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) बोलायचं तर हा फायदा जेमतेम पाऊण स्टॉपचा. तो खरा आहे, मोजता येतो, सावल्या उचलताना दिसतो. पण तो आहे तेवढाच आहे. ‘दोन-तीन स्टॉप जास्त डायनॅमिक रेंज’ (गडद ते उजळ असा टिपता येणारा पल्ला) असं कुणी सांगत असेल तर तो नव्या सेन्सरची तुलना दोन पिढ्या जुन्या सेन्सरशी करतोय.

आणि हा पाऊण स्टॉपसुद्धा ‘एक्स्पोजर तेच ठेवलं तर’ या अटीवर मिळतो. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

समजा एका हॉलचा फोटो घ्यायचा आहे, हातात कॅमेरा धरून, खिडकीच्या उजेडात. फुल फ्रेमवर ५० मिमी लेन्स, एफ ८, १/१२५, आयएसओ ४००. पुढच्या टेबलापासून मागच्या कपाटापर्यंत सगळं पुरेसं रेखीव आहे. आता तोच फोटो मिडियम फॉरमॅटवर. तोच कोन हवा तर लेन्स ६३ मिमीची लागेल. तीच डेप्थ ऑफ फील्ड (रेखीव दिसणारी खोली) हवी तर अ‍ॅपर्चर एफ १० वर न्यावं लागेल. कॅमेरा हातात आहे, तेव्हा शटर १/१२५ वरून खाली आणता येत नाही. मग एफ १० मुळे कमी झालेला उजेड भरून काढायला आयएसओ ६४० करावा लागेल. आता लेन्सचं छिद्र मोजा. ५० मिमीला एफ ८ म्हणजे ६.२५ मिमी. ६३ मिमीला एफ १० म्हणजे ६.३ मिमी. छिद्र तेवढंच, वेळ तेवढाच, समोरचा हॉल तोच. सेन्सरवर पडलेले एकूण फोटॉनही तेवढेच. नॉईजच्या हिशेबात दोन्ही फोटो सारखे येणार, डिफ्रॅक्शनही (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने येणारा मऊपणा) अंतिम प्रिंटवर सारखंच दिसणार. लाखो रुपयांचा फरक या एका अटीत विरघळून गेला.

फायदा मिळवायचा तर मोठ्या सेन्सरला जास्तीचा प्रकाश प्रत्यक्ष द्यावा लागतो. ट्रायपॉडवर शटर लांबवा, किंवा स्ट्रोबची (स्टुडिओ फ्लॅशची) पॉवर पाऊण स्टॉपने वाढवा, किंवा कमी डेप्थ ऑफ फील्ड चालवून घ्या. स्टुडिओत यातलं पहिलं आणि दुसरं सहज जमतं, म्हणूनच मिडियम फॉरमॅट स्टुडिओत शोभतो. लग्नाच्या मांडवात, नाटकाच्या प्रयोगात किंवा संध्याकाळच्या घाटावर तो पाऊण स्टॉप हाती लागत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट आहे. तुमच्या कॅमेऱ्याचा बेस आयएसओ ६४ आहे. म्हणजे आयएसओ १०० वाल्या सेन्सरच्या तुलनेत तो हायलाइट जाळण्याआधी प्रति चौरस मिमी सुमारे ०.६४ स्टॉप जास्त प्रकाश पचवतो. जीएफएक्स १००एसचा बेस आयएसओ १०० आहे. त्याचा क्षेत्रफळाचा फायदा ०.७४ स्टॉप, तुमचा बेस आयएसओचा फायदा ०.६४ स्टॉप. ट्रायपॉडवर, भरपूर उजेडात, दोन्ही बेसवर ठेवून सावल्या उचलल्या तर डायनॅमिक रेंजमधला फरक कष्टानेच सापडेल. जीएफएक्स १०० II चा बेस ८० आहे आणि हॅसलब्लाड एक्स२डीचा ६४, तेव्हा त्यांच्यासमोर तुमचा कॅमेरा मागे पडेल, पण पाऊण स्टॉपच्या आतच.

१६ बिटबद्दल लवकर सांगून टाकतो, कारण जाहिरातीत त्याला जागा फार मिळते. खगोल छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यांत याच ३.७६ मायक्रॉनच्या जातीचा सेन्सर बसवतात आणि ते उत्पादक त्याचे आकडे उघडपणे छापतात. एका पिक्सेलमध्ये सुमारे ५० हजार इलेक्ट्रॉन मावतात आणि वाचताना तीनेक इलेक्ट्रॉनचा नॉईज येतो. भागाकार १६ हजारांच्या घरात. १४ बिटमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. सेन्सर जितकं देतो तितकं १४ बिटमध्ये जवळजवळ सगळं मावतं. १६ बिट निवडल्यावर जीएफएक्सची अनकॉम्प्रेस्ड फाइल २०० एमबीच्या आसपास जाते आणि सलग फ्रेमचा वेग पडतो. रंगांच्या उतारात मला डोळ्यांनी दिसेल असा फरक आलेला नाही, मी १४ बिटवरच काम करतो.

‘मिडियम फॉरमॅट लुक’ हा दुसरा मुद्दा. चेहरा कसा दिसतो, नाक किती पुढे येतं, हे कॅमेरा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. सेन्सरचा त्यात काही संबंध नाही. पार्श्वभूमी किती विरघळते हे पुन्हा छिद्राच्या मापावर. फुजीची ११० मिमी एफ २ ही अप्रतिम लेन्स फुल फ्रेमच्या भाषेत ८७ मिमी एफ १.६ सारखी वागते. फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ १.२ आणि एफ १.४ सर्रास मिळतात, ज्या पार्श्वभूमी आणखी मऊ करतात. पण एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो: मोठ्या सेन्सरवरची प्रतिमा छापताना कमी पट वाढवावी लागते, त्यामुळे लेन्सचे दोषही कमी पट वाढतात. फुजीच्या आणि हॅसलब्लाडच्या लेन्स कोपऱ्यापर्यंत फार चांगल्या आहेत. लोक ज्याला लुक म्हणतात त्यातला मोठा भाग ही कोपऱ्यापर्यंतची समान रेखीवता आहे, असं माझं मत आहे. रंग मात्र सेन्सरच्या आकाराने बदलत नाहीत. ते पिक्सेलवरचे रंगीत फिल्टर, प्रोफाइल आणि सॉफ्टवेअर ठरवतात.

फ्रेमच्या आकाराकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि धंद्यात तोच सगळ्यात जास्त परत देतो. मिडियम फॉरमॅट ४:३, फुल फ्रेम ३:२. तुमच्या गिऱ्हाइकाला ४:५ उभा फोटो हवा असेल, कॅटलॉगसाठी किंवा इन्स्टाग्रामसाठी, तर फुल फ्रेमचे ३६ मिमी तुम्ही ३० पर्यंत कापून टाकता. ४५ मेगापिक्सेलचे ३८ उरतात. जीएफएक्सच्या १०२ मधले ९५ उरतात. म्हणजे अडीचपट, आणि क्षेत्रफळाचा फायदा पाऊण स्टॉपवरून जवळजवळ पूर्ण स्टॉपवर जातो. उलट वेबसाइटसाठी १६:९ आडवा बॅनर लागत असेल तर ७६ विरुद्ध ३८, म्हणजे दुप्पट. गेल्या वर्षभरात तुम्ही दिलेल्या फाइलींचे आकार एकदा काढून बघा.

आता तुमची कामं एकेक करून.

दागिन्यांत मोठा सेन्सर उलटा पडतो. समजा तीन सेंटीमीटर रुंदीची नथ आहे. तुमच्याकडे १:१ मॅक्रो लेन्स आहे असं धरतो. पूर्ण जवळ गेलात की नथ सेन्सरवर तीन सेंटीमीटरच पडते, आणि ४.३५ मायक्रॉनने भागलं तर नथीच्या रुंदीला सुमारे ६,९०० पिक्सेल मिळतात. फुजीची १२० मिमी मॅक्रो स्वतःच्या बळावर १:२ पर्यंतच जाते. तिच्यावर नथ दीड सेंटीमीटरची पडते आणि रुंदीला मिळतात सुमारे ४,००० पिक्सेल. एक-एक मोती आणि त्यांच्यातली तार जवळून दाखवायची असेल तर तुमचा आहे तोच कॅमेरा जास्त तपशील देतोय. फुजीवर एक्स्टेन्शन ट्यूब लावून १:१ गाठता येतं आणि मग ८,००० च्या आसपास पिक्सेल मिळतात. पण तेव्हा डेप्थ ऑफ फील्ड केसाएवढी उरते आणि फोकस स्टॅकिंगशिवाय (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडण्याशिवाय) गत्यंतर नसतं, तेही शंभर मेगापिक्सेलच्या फाइलींचं. इथे पैसा प्रकाशावर आणि फोकस रेलवर घाला.

साड्यांचं गणित वेगळं. पैठणीचा पदर सपाट पसरून वरून घेतलात तर सव्वा मीटरच्या आसपासची रुंदी एका फ्रेममध्ये बसवायची असते. ४५ मेगापिक्सेलमध्ये दर मिलिमीटरला साडेसहा-सात पिक्सेल मिळतात, १०२ मध्ये नऊ-साडेनऊ. पदरावरच्या मोराच्या गळ्यात जिथे दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात, तिथे हा फरक थेट दिसतो. एकीकडे धागा धागा म्हणून कळतो, दुसरीकडे रंगाची सीमारेषा नुसती जाड होते. शिवाय विणीची घनता आणि पिक्सेलांची घनता एकमेकांच्या जवळ आली की मॉइरे उठतो, जरीवर हिरवे-जांभळे पट्टे पडतात, आणि लो-पास फिल्टर नसल्याने दोन्ही फॉरमॅटांत तो येऊ शकतो. पिक्सेल वाढवल्याने तो नाहीसा होतो असं नाही, तो जास्त बारीक विणीपर्यंत ढकलला जातो. कॅमेरा दहा-पंधरा सेंटीमीटर पुढेमागे केल्याने किंवा एफ १६ वर जाऊन डिफ्रॅक्शनने किंचित मऊ केल्यानेही काम होतं. सपाट वस्तू, ट्रायपॉड, हवा तेवढा स्ट्रोबचा उजेड आणि चौरसाकडे झुकणारी चौकट: मिडियम फॉरमॅटसाठी यापेक्षा चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही. जुनी चित्रं, पोथ्या, नकाशे यांच्या नकला करण्याचं काम मिळवायचं असेल तर तिथेही हेच लागू आहे, आणि पिक्सेल शिफ्टने (सेन्सर किंचित सरकवत घेतलेले अनेक फोटो जोडून) ४०० मेगापिक्सेलची फाइलही मिळते. मात्र त्या वेळात काहीही हलता कामा नये.

इंटिरियरसाठी सेन्सरपेक्षा टिल्ट-शिफ्ट लेन्स (उभ्या रेषा सरळ ठेवायला सरकवता येणारी) महत्त्वाची. कॅननच्या १७ आणि २४ मिमी टीएस-ई (टिल्ट-शिफ्ट) लेन्सचं प्रतिमावर्तुळ, म्हणजे लेन्स जेवढ्या गोलात प्रतिमा पाडते तो गोल, ६७ मिमीच्या वर आहे, आणि ४४ × ३३ चा कर्ण ५५ मिमीच्या आत. म्हणून अ‍ॅडॉप्टर लावून त्या जीएफएक्सवर छान चालतात. शिफ्टला वाव थोडा कमी होतो, पण १७ मिमी लेन्स फुल फ्रेमच्या साडेतेरा मिमीसारखी रुंद बघते. मुंबईतल्या लहान खोल्यांत ही गोष्ट सोन्याच्या मोलाची आहे. तुमच्याकडे अशी लेन्स आधीच असेल तर मिडियम फॉरमॅटचा विचार जरूर करा. नसेल, आणि तुम्ही खिडक्यांसाठी तीन-चार एक्स्पोजर घेऊन जोडत असाल, तर पाऊण स्टॉपने तुमच्या कामात काही बदलणार नाही.

वेगाचा तोटाही धरा. एवढे पिक्सेल वाचायला सेन्सरला वेळ लागतो. इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं आणि खोलीत स्वस्त एलईडी दिवे असतील तर फोटोवर आडवे पट्टे येतात, कारण आपल्याकडे ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि हळू वाचणाऱ्या सेन्सरच्या ओळींवर ती लुकलुक उमटते. मेकॅनिकल शटर आणि १/५० किंवा त्याहून सावकाश वेग ठेवा. फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर वेग) जीएफएक्सवर १/१२५, तुमच्या कॅमेऱ्यावर १/२०० किंवा १/२५०. हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्समध्ये लीफ शटर (लेन्सच्या आतच बसवलेलं शटर) असतं, ते १/२००० आणि नव्या लेन्सवर १/४००० पर्यंत सिंक होतं. उन्हात मॉडेलवर स्ट्रोब मारायचा असेल तर हा फरक सेन्सरच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे.

छपाईचा आकारही तपासा. ए२ पर्यंत तुमचे ४५ मेगापिक्सेल इंचाला ३३० पिक्सेल देतात, तिथे डोळ्याला आणखी काही नको. ए० ला ते १६६ वर येतात आणि जीएफएक्स अजून २४९ वर असतो. शोरूमच्या भिंतीवर हातभर अंतरावरून बघायचं पोस्टर असेल तर हा फरक कळतो. रस्त्यावरच्या होर्डिंगला २४ मेगापिक्सेल पुरतात.

घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणा आणि चाचणी अशी करा. एकच पैठणी, ट्रायपॉड, तोच स्ट्रोब. तुमच्या कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ ८, भाड्याच्या कॅमेऱ्यावर ६३ मिमी एफ १०, दोन्ही आपापल्या बेस आयएसओला, स्ट्रोबची पॉवर प्रत्येकासाठी नीट जुळवून. स्क्रीनवर १०० टक्के झूम करून तुलना करू नका, त्यात जास्त पिक्सेलवाल्यावर अन्याय होतो. दोन्ही फाइली एकाच प्रोफाइल पद्धतीने उघडा आणि गिऱ्हाइकाला जो सगळ्यात मोठा आकार देता त्याच आकारात एकाच प्रिंटरवर छापा. मग काळ्या रेशमी भागात सावली दोन स्टॉप उचलून दुसरी जोडी छापा. पहिल्या जोडीत रिझोल्यूशन दिसेल, दुसरीत क्षेत्रफळ. प्रिंटच्या मागे खूण करून पुढून ओळखायला गिऱ्हाइकालाच सांगा, कारण जास्तीचे पैसे द्यायचे की नाही हे शेवटी त्याच्या डोळ्यावर आहे.